घराच्या कर्जाची ६० दिवसांची नोटीस आली आहे, घर वाचवायला काय करता येईल? (नाशिक)

अंबडचा फिटर
११ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आलो, आज पहिल्यांदा लिहितोय.

मी अंबड एमआयडीसीत १४ वर्षं फिटर होतो. मार्चमध्ये कंपनीने आमची लाइन बंद केली आणि आम्ही ३२ जण घरी बसलो. २०१८ साली पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला होता. कर्ज २४ लाख, मुदत २० वर्षं, हप्ता २०,८०० रुपये. मेपर्यंत कसाबसा हप्ता भरला. जूनपासून एकही गेलेला नाही.

१८ ऑक्टोबर तारखेची नोटीस पोस्टाने आली. वर 'सरफेसी कायदा, कलम १३(२)' असं लिहिलंय. ६० दिवसांत २० लाख ६२ हजार भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. मिसेस सहकर्जदार आहे, तिच्या नावाची वेगळी प्रत आली. माझे दाजी जामीनदार आहेत, त्यांनाही आली. ते काही बोलले नाहीत, पण बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती.

खरं सांगतो, तीन आठवडे तो लखोटा टीव्हीखालच्या कप्प्यात पडून होता. रोज वाटायचं, उद्या बघू. आज हिशोब केला तर ३६ दिवस उरलेत. ६० दिवस झाले की लगेच घराबाहेर काढतात का? कोर्टातून स्टे मिळतो का? फोरक्लोजर थांबवण्याचे कायदेशीर मार्ग कुणाला माहीत असतील तर सांगा. मुलगी दहावीला आहे.

मुंबई नाका
१२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

फोरक्लोजर म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडणं ना? मी गेल्या वर्षी फोरक्लोजर लेटर घेऊनच कर्ज बंद केलं. तुमचं प्रकरण वेगळं दिसतंय.

निवृत्त बँकवाला
१२ नोव्हेंबर, सकाळी ८.०५

बरोबर. आपल्या बँकांत फोरक्लोजर म्हणजे कर्ज वेळेआधी मिटवणं. इंटरनेटवर तो शब्द टाकून शोधलंत तर अमेरिकेतली माहिती येईल, तिचा इथे उपयोग नाही. तुमचा विषय आहे सरफेसी कायदा, २००२ चा. या कायद्याने बँकेला कोर्टात दावा न लावता तारण घराचा ताबा घेऊन ते विकता येतं.

भाऊ, मी २९ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची सहा वसुली विभागात. थोडं सविस्तर लिहितो, शांतपणे वाचा.

६० दिवस संपले म्हणून ६१ व्या दिवशी कुणी तुम्हाला बाहेर काढत नाही. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं. तुमचा जूनचा हप्ता थकला, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला ते झालं. त्यानंतर ही मागणी नोटीस आली. नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस म्हणजे १७ डिसेंबर. तोवर पैसे आले नाहीत तर बँक कलम १३(४) खाली ताब्याची नोटीस काढते. ती दारावर चिकटवतात आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक मराठी असावं लागतं. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. ताबा कागदावर बँकेचा, घरात तुम्हीच. घर रिकामं करून घ्यायचं तर बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे सीबीएसजवळच्या कलेक्टर ऑफिसात, अर्ज करते. कायद्यात त्या अर्जाला ३० दिवस दिलेत, कारण लेखी नोंदवून ते ६० पर्यंत वाढवता येतात. आदेश झाला की तहसीलदार कार्यालयाची माणसं पोलीस बंदोबस्तात येतात. त्यानंतर मूल्यांकन, राखीव किंमत (लिलावातली किमान बोली), लिलावाची ३० दिवसांची नोटीस आणि मग लिलाव.

म्हणजे वेळ आहे. पण हा वेळ निवांत बसायला नाही.

तुम्ही आज करायचं काम एकच. कलम १३(३अ) खाली बँकेला लेखी उत्तर द्या. हा तुमचा हक्क आहे आणि त्या उत्तरावर बँकेने १५ दिवसांत लेखी कारणांसह कळवणं बंधनकारक आहे. दहातले नऊ कर्जदार हे पत्र देतच नाहीत, असा माझा अनुभव. टेबलापलीकडे बसून मी पाहिलंय, ज्याचं पत्र फायलीत असतं त्याची फाइल वर जाताना साहेब दोनदा वाचतो.

सिडको रहिवासी
१२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

काही घाबरू नका. सरळ डीआरटीत, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणात, केस टाका आणि आरामात राहा. आमच्या ओळखीत एकाची केस पाच वर्षं चालली, तोवर घर त्याच्याकडेच.

सातपूरकर
१२ नोव्हेंबर, दुपारी १.५०

असा सल्ला कृपा करून देऊ नका. मी हाच सल्ला ऐकला होता. आज भाड्याच्या घरातून लिहितोय.

२०१५ चं कर्ज होतं, एका फायनान्स कंपनीचं. नाव लिहीत नाही. दुकान बसलं, हप्ते थांबले. दारावर नोटीस चिकटवून गेले तेव्हा आईने ती फाडून टाकली, म्हणाली लोक काय म्हणतील. एका माणसाने २५ हजार घेतले आणि 'स्टे आणून देतो' म्हणाला. त्याने अर्ज केलाच नव्हता, हे मला चार महिन्यांनी कळलं. नंतर एका सकाळी तहसील कार्यालयाची माणसं पोलिसांना घेऊन आली. दोन तासांत सामान काढायचं होतं. पंचनामा करत होते आणि मी आईच्या साखरेच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते शोधत होतो. शेजारच्यांनी सामान त्यांच्या पार्किंगमध्ये ठेवू दिलं, ते उपकार मी विसरणार नाही.

पुढचं मला सगळ्यांना सांगायचंय. लिलावाची जाहिरात छापून आल्यावर माझा पुण्याचा भाऊ जागा झाला. जमीन विकून त्याने पैसे उभे केले. आम्ही पूर्ण रकमेचा डीडी घेऊन गेलो, जाहिरातीनंतर चौथ्या दिवशी. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, जाहिरात झाली, आता तुमचा हक्क संपला. मला वाटलं हे मुद्दाम अडवतायत. नंतर वकिलांनी सांगितलं, कायदाच तसा आहे.

पहिल्या लिलावाला कुणी आलं नाही. दुसऱ्याला राखीव किंमत उतरवली आणि घर २७ लाखांना गेलं. त्याच बिल्डिंगमधला, त्याच मापाचा फ्लॅट त्याच वर्षी मालकाने स्वतः ३४ ला विकला होता.

वकील गंगापूर रोड
१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

सातपूरकर, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं. तुमच्या वकिलांनी सांगितलं ते खरं आहे. कलम १३(८) आधी वेगळं होतं, विक्री पूर्ण होईपर्यंत पैसे भरून तारण सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीने ती रेषा लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापर्यंत मागे आणली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या निकालात ते पक्कं केलं. जुन्या अनुभवावर सल्ला देणारे लोक अजून आधीचाच नियम सांगतात, आणि त्यात माणसं फसतात.

आता डीआरटीबद्दल.

१३(२) च्या नोटिशीवर डीआरटीत जाता येत नाही. दार उघडतं ते १३(४) ची कारवाई झाल्यावर, आणि ४५ दिवस उघडं असतं. प्रतीकात्मक ताबा घेतला तरी हा हक्क मिळतो, प्रत्यक्ष बाहेर काढेपर्यंत थांबावं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हिंदन फोर्जच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे आत्ता, मागणी नोटिशीच्या टप्प्यावर, कुणी स्टेची हमी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. दिवाणी न्यायालयातही जाता येत नाही, कलम ३४ ने ते बंद केलंय. उच्च न्यायालयात रिट याचिका करू म्हणणारे भेटतील. डीआरटीचा मार्ग असताना उच्च न्यायालयाने रिट घेऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सत्यवती टंडन निकालात स्पष्ट केलंय.

अर्जाची फी फार नाही. थकबाकी १० लाखांच्या खाली असेल तर दर लाखाला ५०० रुपये. वर असेल तर ५,००० आणि १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५०. तुमच्या २० लाख ६२ हजारांवर ७,७५० होतात. २००२ च्या मूळ कायद्यात तर मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय दाद मागता येत नव्हती. मर्डिया केमिकल्सच्या निकालात २००४ साली ती अट रद्द झाली. ती राहिली असती तर घरकर्ज घेतलेला साधा माणूस डीआरटीच्या पायरीवरही पोहोचला नसता, म्हणून मला तो निकाल फार मोठा वाटतो.

मात्र तिथे सहानुभूतीवर काही मिळत नाही. बँकेने प्रक्रिया चुकवली का, एवढंच बघतात. नोटीस सहकर्जदाराला मिळाली का, १३(३अ) च्या पत्राला उत्तर दिलं का, वर्तमानपत्रात छापलं का, मूल्यांकन झालं का, लिलावाआधी ३० दिवस दिले का. आणि स्थगिती देताना न्यायाधिकरण सहसा काही रक्कम भरायला लावतं. नाशिकला डीआरटी नाही, बाहेरगावी जावं लागतं, मात्र आता ई-फायलिंग असल्याने कागद दाखल करायला प्रवास करावा लागत नाही.

अंबडचा फिटर
१२ नोव्हेंबर, रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. सातपूरकर दादा, तुमची पोस्ट मिसेसला वाचून दाखवली. दोघंही बराच वेळ गप्प होतो.

निवृत्त बँकवाले काका, पत्रात काय लिहू? चूक तर माझीच आहे, हप्ते मीच थकवलेत. हरकत कशावर घेऊ?

निवृत्त बँकवाला
१३ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

चूक कबूल केली म्हणून हिशोब तपासायचा हक्क जात नाही.

आधी खात्याचा पूर्ण उतारा मागा, २०१८ पासूनचा. २० लाख ६२ हजार कसे झाले, त्यात मुद्दल किती, व्याज किती, इतर खर्च किती, ते फोडून द्या म्हणावं. दंडाचा रकाना नीट बघा. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद केलंय. आता फक्त ठरावीक दंडशुल्क लावता येतं आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. मी स्वतः जुन्या खात्यांत ते चढलेलं पाहिलंय. कित्येकदा सिस्टिममध्ये तसंच राहून गेलेलं असतं.

मग परिस्थिती लिहा. नोकरी कधी गेली, कामावरून कमी केल्याचं पत्र जोडा, आत्ता उत्पन्न किती, नवं काम कधीपर्यंत. आणि शेवटी प्रस्ताव. नुसतं 'वेळ द्या' लिहू नका. थकलेले हप्ते अमुक तारखेपर्यंत भरतो, मुदत वाढवून हप्ता कमी करा, असं आकड्यांत लिहा.

भाषा साधी ठेवा. दोघांच्या सह्या. नोटिशीवर ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, आणि एक प्रत शाखेत देऊन आवकचा शिक्का व तारीख घ्या. तोंडी बोलणं शंभर वेळा झालं तरी फायलीत त्याची नोंद नसते.

आणखी एक नीट समजून घ्या. खातं एनपीए होण्याआधी एखादा हप्ता भरला तरी थकबाकीचे दिवस कमी होतात. एकदा एनपीए झालं की मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून पाच-दहा हजार करत पैसे टाकत बसू नका. सहा हप्त्यांचे १ लाख २४ हजार ८०० आणि वरचे खर्च, हा डोंगर एकदम उचलता येतो का ते बघा. नोटिशीत पूर्ण २० लाख मागितले असले तरी खातं नियमित करायला थकबाकीच लागते, आणि घर राहणार असेल तर बहुतेक बँकांना तेच हवं असतं. लिलाव करणं त्यांनाही कटकटीचं काम असतं.

पंचवटी ४२
१३ नोव्हेंबर, दुपारी १२.०५

विषयाला थोडं सोडून, पण कुणाच्या तरी कामाला येईल. माझे मिस्टर वारल्यावर आम्हालाही नोटीस आली होती. कर्ज घेताना त्यांच्या नावे कर्जाचा विमा काढला होता आणि त्याचा हप्ता कर्जातच धरला होता, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मंजुरीपत्राच्या तिसऱ्या पानावर ती ओळ सापडली. क्लेम मंजूर झाला आणि कर्ज फिटलं. घरात असा प्रसंग आला असेल तर आधी ते पत्र शोधा.

दिंडोरीकर
१३ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

आमची द्राक्षबागेची जमीन बँकेकडे गहाण आहे. ती पण अशीच काढून घेतात का?

वकील गंगापूर रोड
१३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

शेतजमिनीला सरफेसी लागू नाही, कलम ३१(आय). फक्त सातबाऱ्यावर शेती लिहिलंय एवढं पुरत नाही, जमीन खरोखर शेतीखाली आहे हे दाखवावं लागतं. बाग उभी आहे तर पीकपाहणीची नोंद वेळच्या वेळी करून ठेवा. कर्ज मात्र माफ होत नाही, बँक दुसऱ्या मार्गाने वसुली करू शकते.

त्याच कलमात आणखी दोन सवलती आहेत. एक लाखापर्यंतच्या कर्जाला हा कायदा लागत नाही. आणि उरलेली बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तरी लागत नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत अडकलेल्या लोकांनी हे नक्की तपासावं.

देवळालीची लेक
१३ नोव्हेंबर, रात्री ९.२५

माझ्या आईचं पतसंस्थेचं कर्ज आहे, घर तारण. तिला 'कलम १०१ चा वसुली दाखला' आणि मग जप्तीची नोटीस आली. त्यावर सरफेसी कुठेच लिहिलेलं नाही. वरचं सगळं तिलाही लागू होतं का? पतसंस्थेतला माणूस म्हणतो, आता काहीच करता येणार नाही.

वकील गंगापूर रोड
१३ नोव्हेंबर, रात्री १०.५०

ताई, तुमचा रस्ता वेगळा आहे, आणि नाशिक जिल्ह्यात तुमच्यासारखी प्रकरणं खूप आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सहकारी बँकांना सरफेसी वापरता येतो, ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तसं सांगितलंय. पतसंस्था ही बँक नाही. तिची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे चालते. संस्था कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अर्ज करते, तिथे सुनावणी होते आणि वसुली दाखला मिळतो. मग कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतला नियम १०७ धरून वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करतो. तुमच्या आईला डीआरटीत जाता येणार नाही.

खरी लढाई असते ती १०१ च्या सुनावणीत. तिथे कर्जदार जात नाहीत, एकतर्फी दाखला निघतो. दाखला निघाल्यावर कलम १५४ खाली विभागीय सहनिबंधकांकडे पुनरीक्षण करता येतं, पण त्यासाठी दाखल्यातल्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. सुनावणीची नोटीस आईला मिळालीच नव्हती, असं काही आहे का ते आधी तपासा. रेकॉर्डच्या नकला निबंधक कार्यालयातून मागवा.

आणि लिलाव झालाच, तरी एक शेवटची संधी असते जी सरफेसीत नाही. नियम १०७ प्रमाणे ३० दिवसांच्या आत सगळी थकबाकी आणि वर खरेदीदारासाठी लिलाव रकमेच्या ५ टक्के भरले तर विक्री रद्द करून मागता येते. 'काहीच करता येणार नाही' हे खरं नाही.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. आईचं आधार कार्ड आणि सगळे कागद घेऊन जा. फिटर भाऊ, हे तुमच्या मिसेसनाही लागू आहे, त्या सहकर्जदार आहेत.

देवळालीची लेक
१३ नोव्हेंबर, रात्री ११.१०

सर, खूप आधार वाटला. आईला सुनावणीचं पत्र आलेलंच नव्हतं, पत्ता जुन्या घराचा आहे. सोमवारी जाते.

सिन्नर रोड
१४ नोव्हेंबर, सकाळी १०.००

वसुलीवाले बहिणीच्या घरी जाऊन बसतात, रात्री साडेनऊला फोन करतात. याला काही इलाज?

निवृत्त बँकवाला
१४ नोव्हेंबर, सकाळी १०.४५

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. फोनच्या वेळा लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते. लोकपाल लिलाव थांबवणार नाही, पण फोन थांबतील.

बहीण जामीनदार असेल तर मात्र बँक तिच्याकडे पैसे मागू शकते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही करताना हे कुणी सांगत नाही, याची खंत मला अजून आहे. मीही कित्येकांच्या सह्या घेतल्या, घाईघाईत.

अंबडचा फिटर
१६ नोव्हेंबर, रात्री ८.३०

आज पत्र शाखेत देऊन आलो, शिक्का घेतला. स्पीड पोस्टही केलं. हात थरथरत होते. शाखेतल्या मॅडम चांगल्या बोलल्या.

एक विचारतो. ही म्हणते, घर विकून टाकू. बाजारभावाने ३६ लाख येतील, कर्ज फेडून १५ उरतील, सिडकोत भाड्याने राहू. मला ते पचत नाही. नोटीस आल्यावर विकता तरी येतं का?

वकील गंगापूर रोड
१६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

येतं. बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही एवढंच, कलम १३(१३). बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यायचं, खरेदीदाराची रक्कम थेट कर्जखात्यात जाईल असा करार करायचा. खरेदीदार स्वतः कर्ज काढणार असेल तर त्याची बँक तुमच्या बँकेला पैसे देऊन कागद उचलते. रोज होणारा व्यवहार आहे. पूर्ण पैसे भरल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून.

सातपूरकर
१६ नोव्हेंबर, रात्री ९.५०

भाऊ, वहिनी म्हणतात त्याचा विचार करा. माझ्या घराचे २७ लाख आले, त्यातून कर्ज आणि त्यांचे खर्च वजा जाऊन ३ लाख ४० हजार माझे निघाले. लिलावातून उरलेली रक्कम कर्जदाराला परत करायची असते, पण मला ती मिळवायला सात महिने पत्रं लिहावी लागली. आणि लिलावात रक्कम कमी पडली असती तर फरकही माझ्याकडूनच मागितला असता. घर जाणारच असेल तर तुमच्या हाताने, तुमच्या भावाने जाऊ द्या. नवी नोकरी लागत असेल आणि थकबाकी भरता येत असेल तर अर्थात धरून ठेवा. पण ते नक्की असेल तरच.

सिडको रहिवासी
१७ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

मी वर जे लिहिलं ते ऐकीव होतं. ज्यांची केस पाच वर्षं चालली म्हणालो, त्यांना काल विचारलं. घर शेवटी गेलंच, आणि मधल्या काळातलं व्याज चढून उरलेले पैसेही त्यात गेले. चुकीचं लिहिल्याबद्दल माफी.

म्हसरूळ
१७ नोव्हेंबर, दुपारी २.१०

ओटीएस का करत नाही? एकरकमी तडजोड. माझ्या भावाला व्याजात सूट मिळाली.

निवृत्त बँकवाला
१७ नोव्हेंबर, दुपारी ४.००

ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही, बँकेने दिली तर मिळते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये हे सांगितलंय. आणि इथे घराची किंमत कर्जापेक्षा खूप जास्त आहे, अशा खात्यात बँक सूट कशाला देईल? शिवाय सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा येतो, तो पुढच्या कर्जाला वर्षानुवर्षं नडतो. ज्यांचं तारण कमी पडतंय किंवा कर्ज फार जुनं झालंय त्यांनी राष्ट्रीय लोकअदालतीत विचारून बघावं.

अंबडचा फिटर
३० नोव्हेंबर, रात्री १०.००

उत्तर आलं. २८ तारखेचं आहे, म्हणजे बाराव्या दिवशी. दंडाच्या नावाखाली धरलेले ११,३०० रुपये कमी केलेत. मुदत वाढवण्याबद्दल लिहिलंय की आधी खातं नियमित करा, मग अर्जाचा विचार करू. बाकी मागणी कायम.

मला माळेगाव एमआयडीसीत काम मिळालंय, पगार आधीपेक्षा सहा हजारांनी कमी. १ तारखेपासून हजर व्हायचंय. पीएफमधून काही रक्कम निघतेय. हिने तिच्या पाटल्या आणि गंठण काढून दिलं, सोनेतारण करतोय. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, सोनं परत सोडवता येतं.

दोघांनी मिळून ठरवलंय. थकबाकी भरून खातं नियमित करायचं, मुलीची दहावी होऊ द्यायची. एप्रिलपर्यंत हप्ते नीट गेले तर घर ठेवायचं. एकही चुकला तर लगेच विकायला काढायचं, नोटिशीची वाट बघायची नाही. हे वहीत लिहून दोघांनी सही केली आहे.

अंबडचा फिटर
११ डिसेंबर, दुपारी ४.४५

सकाळी थकबाकी भरली. डिसेंबरचा हप्ता धरून सात हप्ते आणि खर्च मिळून १ लाख ५८ हजार. मॅडम म्हणाल्या, दोन दिवसांत सिस्टिममध्ये खातं नियमित दिसेल, आता काळजी करू नका. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "अरे, मला आधीच सांगायचंस ना." एवढंच.

अजून काही राहिलंय का?

निवृत्त बँकवाला
११ डिसेंबर, संध्याकाळी ५.३०

मनापासून आनंद झाला. राहिलंय. १७ तारखेच्या आत प्राधिकृत अधिकाऱ्यांना आणखी एक पत्र द्या. थकबाकी पूर्ण भरली आहे, खातं नियमित झाल्याचं आणि १८ ऑक्टोबरची नोटीस मागे घेतल्याचं लेखी कळवा, असं त्यात मागा. भरणा पावतीची झेरॉक्स जोडा. त्या पत्राची एक प्रत दाजींना द्या, नोटीस त्यांच्याही नावाने होती. मुदतवाढीचा अर्ज त्याच दिवशी, पण वेगळ्या कागदावर.

अंबडचा फिटर
११ डिसेंबर, संध्याकाळी ५.५०

उद्या माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी शाखा उघडली की जातो. शिक्का घेऊन येतो, काका.